चुकायला लागणारा वेळ

"तुमची मुलगी मुद्दाम चुकते," माधवी मॅडम म्हणाल्या, आणि करिश्माला वाटलं, झालं, सापडलो. चोरी केली नव्हती, कुणाचं काही घेतलं नव्हतं, तरी सापडलो. कुठल्याही आईला अशा वेळी निदान नवल तरी वाटायला हवं. तिला नवल वाटलं नाही, आणि ते मॅडमना दिसू नये म्हणून ती घाईघाईने बोलली, "नाई हो मॅडम, तेवढंच येते तिले. साधीच हाय पोट्टी. तिच्या मामानं उगीच नाव देलं." इतकी वर्षं म्हणून म्हणून हे वाक्य गुळगुळीत झालं होतं. शाळेत, फुलांच्या दुकानात, सासरच्या लग्नकार्यात ते आपोआप तोंडातून निघायचं, आणि समोरच्याला लगेच पटायचंही, कारण दुसऱ्याचं लेकरू साधं आहे हे पटवून घ्यायला कुणालाच जड जात नाही. मॅडमना मात्र पटलं नाही. टेबलावरचे लाकडी ठोकळे डब्यात भरता भरता त्या म्हणाल्या, "अवघड प्रश्नाला ती थांबत नाही, सोप्याला थांबते. अवघड काही विचारलं की तिला मजा येते आणि उत्तर तोंडातून निघूनच जातं. मग तिच्या ध्यानात येतं, आणि पुढच्या सोप्या प्रश्नाला ती विचार करून चुकते. चूक शोधायलाही वेळ लागतो हो, ताई." मग त्यांनी सांगितलं की जेवणाच्या सुट्टीनंतर शकुनला प्रश्नांना आणखी एकदा बसवणार आहेत. "तुम्ही तिच्याशी बोला. माझ्याकडे जागा थोड्या आहेत, आणि दुसऱ्या वेळीही असंच झालं तर मला तिला घेता येणार नाही. मला ते फार लागेल." करिश्मा बरं म्हणाली आणि चप्पल पायात नीट न अडकवताच बाहेर आली.

व्हरांड्यात बाक होतं, त्यावर ती बसली. शकुन अंगणात नळापाशी उभी होती. दहा वर्षांची, अंगाने काडी, दोन वेण्या, त्यातली एक सैल झालेली. इतर मुलं घोळका करून ओरडत होती आणि ती घोळक्याच्या कडेला, हसायच्या ठिकाणी हसत उभी होती. करिश्माने तिला हाक मारली नाही. आधी आपला जीव थाऱ्यावर येऊ दे, मग बघू. सकाळी अकोल्याहून एसटीत बसताना ती किती निवांत होती! मूर्तिजापूर यायच्या आत तिला डुलकीसुद्धा लागली होती. कारण ती आली होती ते हे प्रकरण मिटवायलाच. तिच्या धाकट्या भावाने, कुंदनने, शकुनचं नाव परस्पर ह्या केंद्रात दिलं होतं. हुशार मुलांसाठी अमरावतीत दर रविवारी भरणारं केंद्र. मार्क विचारत नाहीत, मुलांशी बोलतात, कोडी घालतात, आणि जे मूल घेतात त्याच्या शाळेत जाऊन मास्तरांनाही चार गोष्टी समजावतात, म्हणे. "तू नेत नसशीन तं मी नेतो," असं कुंदन फोनवर म्हणाला, आणि कुंदन सहसा एवढं लांब बोलत नाही, म्हणून ती घाबरून स्वतःच निघाली. आपण नेलं म्हणजे गोष्ट आपल्या हातात राहील. पोरगी बसेल, बेताबेताने सांगेल, बाई म्हणतील पुन्हा कधीतरी बघू, आणि दिवेलागणीला आपण जुन्या शहरातल्या आपल्या दुकानात हार गुंफत बसलेलो असू. मनोज, तिचा नवरा, एवढंच म्हणाला होता, "जाऊन या. फिरनं होईन पोट्टीचं." मनोजला कशाचीच काळजी वाटत नाही. त्याच्या वाट्याची करिश्माच करते.

सांगायचं नाही, हे ती माहेरी शिकली. दर्यापूरजवळ तिच्या बाबांची, भगवंतरावांची, काळी जमीन. बऱ्या वर्षी कापसाची पराटी कमरेच्या वर जायची, वेचलेल्या कापसाचा ढीग पुढच्या खोलीत छताला टेकायचा, पोरं त्या ढिगावर उड्या मारून रात्रभर अंग खाजवत बसायची. आणि दारात येऊन कुणी विचारलं, "काय म्हनते यंदा कापूस?" की बाबा कपाळाला हात लावायचे. "काय म्हनते! अर्धा अळीनं खाल्ला, अर्धा पान्यानं नेला." मागे खोलीचं दार ओढून घेतलेलं. विचारणाराही मान हलवून हळहळायचा, आणि त्याच्याही घरी तसंच दार ओढलेलं असायचं. खळ्यावर तूर मोजताना बाबा पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन. पुढचे आकडे ओठातल्या ओठात, आणि शेवटचा तर बायकोलाही ऐकू जाऊ नये असा. पिकलेलं सांगितलं की नजर लागते. यात वाईट काही नव्हतं. सगळं गाव असंच बोलायचं आणि सगळ्या गावाला खरं काय ते ठाऊक असायचं. करिश्माला अजूनही बाबांचा राग येत नाही.

एकदाच बाबांनी दार उघडं ठेवलं, ते कुंदनच्या वेळी. दहावीत तो तालुक्यात पहिला आला, अकोल्यातल्या एका क्लासवाल्यांनी त्याला फुकट घेतलं आणि आपल्या इमारतीवर त्याचा फ्लेक्स लावला, माणसाच्या तिप्पट उंच. खाली लिहिलेलं, भावी डॉक्टर. सगळं घर जीप करून तो फ्लेक्स बघायला गेलं होतं. फोटोत कुंदनच्या अंगात निळा कोट होता. कुंदनने जन्मात कोट घातला नव्हता. चेहरा त्याचा आणि कोट कुणाचा तरी, कॉम्प्युटरवर जोडलेला. "मानूस सायबावानी दिसून राहिला," बाबा म्हणाले, आणि परत आल्यावर गावात जो भेटला त्याला त्यांनी सगळं खरं सांगितलं, टक्क्यांसकट. तेव्हा करिश्माच्या मनात काहीतरी टोचलं होतं. असं कुणी सांगतं का? दुसऱ्या वर्षी कुंदन बारावीच्या परीक्षेला बसलाच नाही. खोलीवर पडून छताकडे बघत राहायचा, जेवायचा नाही, शेवटी सोबतच्या पोराने घरी फोन केला. दर्यापूरहून जीपमध्ये बसून तो बॅग घेऊन घरी आला, ती बॅग माळ्यावर गेली आणि कुंदन शेतावर. आई म्हणाली, नजर लागली लेकराले. करिश्माचं नुकतंच लग्न झालं होतं. बाजारात जाता-येता तिला तो फ्लेक्स दिसायचा, कारण तो उतरवायची तसदी कुणी घेतली नव्हती. उन्हाने रंग उडत चालला होता. आधी भावाचं तोंड पुसलं गेलं, मग अक्षरं, आणि निळा कोट तेवढा बरेच दिवस टिकला. पोटात शकुन होती तेव्हा ती त्या रस्त्याने जायचं टाळून नदीकडच्या गल्लीतून लांबचा फेरा घालायची.

तरी तिने ठरवून काही केलं असं नाही. शकुन तीन वर्षांची होती. दुकानात झेंडूच्या ढिगाखाली जुने पेपर अंथरलेले असत, गिऱ्हाइकाच्या बाजूने सरळ, आतल्या बाजूने उलटे. पोरगी आत बसायची. एका सकाळी ती उलट्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं. समोर सासूच्या ओळखीची एक बाई शेवंतीचा भाव करत होती, ती थबकली, म्हणाली, "अगोबाई, वाचते का काय हे?" करिश्माने खसकन पेपर ओढला. "कायचं वाचते, बोलते आपली मनचं." त्या दिवशी तिने शकुनच्या कानामागे काजळाचा ठिपका लावला, मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, आणि पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरून सांगितलं, आपल्याला काय येतं ते कुणाला सांगायचं नाही. शकुनने विचारलं, कावून? का नाही सांगायचं? मग फुलं पहाटे उमलतात तेव्हा त्यांना पहाट झाली हे कोण सांगतं, असंही विचारलं. करिश्माने तिला झेंडू निवडायला बसवलं. शाळेत घातलं तेव्हा पोरीचा नंबर मधेच कुठेतरी यायचा, बाई म्हणायच्या, ठीक आहे, लक्ष कमी देते थोडं, आणि घरी परतताना करिश्माच्या पावलांना एक हलकेपणा यायचा. ठीक आहे! ह्या शब्दासारखा सुखाचा शब्द नव्हता. कधी कधी मात्र शकुन हिशेबाच्या मधेच खिडकीबाहेर बघत बसलेली दिसायची, डोळे उघडे, आत कुणी नसल्यासारखे, आणि असे डोळे करिश्माने आधी एकदा, कुंदनचे, पाहिले होते. मग ती तिला उगीच कोथिंबीर आणायला पिटाळायची. कामाला लावलं की डोळे जागेवर येतात, असा तिचा समज.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस येऊन बसला. नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे म्हणाला, नाव देवमन. त्याचा मुलगा नळापाशी इतरांना काहीतरी समजावत होता, दोन्ही हात हवेत. "तो माहा," देवमन म्हणाला. "आकाशातलं सारं येते त्याले. ग्रह मना, तारे मना. मले तं समजतबी नाई, मी फक्त हो म्हनतो." आणि खदाखदा हसला. करिश्माने त्याच्याकडे बघितलं. असं सांगतो हा! परक्या बाईला, रस्त्यावरच्यासारखं. तिला त्याचा राग आला, मग त्याच्या पोराची काळजी वाटली, मग हेवा वाटला, आणि हेवा वाटल्यावर ती दचकली. दुसऱ्यांच्या मनातल्या अशाच हेव्याची तर आपण एवढी वर्षं भीती बाळगली. बिचाऱ्या पोराला आता आपलीच नजर लागायची. ती मनातल्या मनात पुटपुटली, काही नाही, काही नाही. "तुमची कोनती?" देवमनने विचारलं. "ते वेणीवाली. साधीच हाय," ती म्हणाली. "साधी असती तं येथे कायले आली असती?" तो म्हणाला, आणि पुन्हा हसला, आणि डबा उघडून जेवायला लागला.

गेल्या दिवाळीला कुंदन जुन्या शहरातल्या घरी आला होता, बहिणीला भाऊबीज घालायला. तो आता शेत बघतो, शेळ्या पाळतो, बोलतो कमी, पण शकुनशी मात्र त्याचं तासन्‌तास चालतं. दोघं गच्चीवर काय बोलतात कोण जाणे. खाली येतात तेव्हा पोरीचे गाल तापलेले असतात. त्या संध्याकाळी करिश्मा सहज म्हणाली, तुला नजर लागली नसती तर आज कुठे असतास! कुंदन पानातली करंजी तशीच ठेवून तिच्याकडे बघत राहिला. "मले नजर-बिजर काई लागली नोती, ताई. मी कंटाळलो होतो. मले दोन दिसात यायचं ते तेथे महिनाभर घोटून घेत. काई इचारलं का म्हनत, हे परीक्षेले येत नाई, खाली बस. अन् घरी फोन केला का बाबा म्हनत, सारं गाव तुलेच इचारून राहिलं. सांग, बोलाचं कोनाशी? तुमाले सगळ्याइले मी माहीत होतो, पन मले काय आवडते ते कोनी इचारलंच नाई." इतकं बोलून तो थांबला. ती म्हणाली, चहा ठेवू का. आणि चहा ठेवायला गेलीही. ओट्यापाशी तिने गॅस मोठा केला, त्याच्या आवाजात बाकीचं ऐकू येऊ नये म्हणून. कारण कुंदन म्हणतो ते खरं धरलं तर एवढे दिवस दार ओढून आपण आत काय कोंडलं? ते खोटंच असलेलं बरं. नजर लागते तेच बरं, तिच्यावर निदान मीठ-मोहऱ्यांचा इलाज तरी आहे.

सुट्टी अर्ध्यावर आली असावी. शकुन आपणहून येऊन शेजारी बसली आणि पिशवीतून डबा काढला. पोळ्या, वांग्याची भाजी, कोपऱ्यात ठेचा. खाता खाता ती पाय हलवत होती. करिश्मा हातातली पोळी नुसतीच मोडत होती. बोला तिच्याशी, म्हणाल्या मॅडम. काय बोलायचं? सात वर्षं एक सांगितलं ते एका दुपारी उलटं सांगायचं? आणि न सांगितलं तर? न सांगितलं तर काहीच होणार नाही; एसटीत बसू, घरी जाऊ, पोरगी 'ठीक आहे'च राहील, बारावीपर्यंत ठीक, लग्नापर्यंत ठीक, आणि कधीतरी एक दिवस ते खिडकीबाहेर बघणारे डोळे परत येणारच नाहीत. हे शेवटचं चित्र इतकं स्वच्छ दिसलं की तिने पोळी खाली ठेवली.

"मॅडम काय म्हनत होत्या?" शकुनने विचारलं.

"म्हने, तू मुद्दाम चुकतं."

शकुनचे पाय थांबले. तिने तोंडातला घास गिळला. "मंग त्या खरंच हुशार हायेत," ती म्हणाली.

"शकुन, मी तुले म्हनलं होतं ना, कोनाले सांगू नको, नजर लागते. ते आता... म्हनजे इथं..."

"नजर काई नसते, मम्मी."

"असं बोलू नाई."

"मले तं पहिलीपासून मालूम हाय. शेजारच्या मैनाबाई हायेत ना, त्याइले मी तीसपर्यंत पाढे म्हनून दाखवले होते, गुपचूप. त्या म्हने, बापा बापा, काय पोट्टी हाय! मंग मी वाट पाहली. काईच झालं नाई मले. खोकलाबी आला नाई."

करिश्माला हसू आलं आणि लगेच विरलं. पहिलीत असलेलं लेकरू एकटं अंथरुणात पडून आपल्याला ताप चढतो का ह्याची वाट बघतंय, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. विचारायला त्याला कुणी नव्हतं, कारण विचारायचं ते आईलाच, आणि हे तर आईपासूनच लपवलेलं होतं. "मंग?" ती म्हणाली. "मालूम हाय तं चुकतं कावून?"

शकुन डब्याच्या झाकणावर नखाने रेघा ओढायला लागली. तिला उत्तर माहीत होतं. ती थांबली होती ते दुसरं एखादं उत्तर सापडतं का बघायला, हे करिश्माला आज पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावर तिने पोरीचा हात धरला. "जे हाय ते सांग."

"मी बरोबर सांगतलं का तू भेतं," शकुन म्हणाली. "तुहा आवाज बारीक होते. अन् रात्री तू मले पांघरून घालाले येतं, पुन्हा येतं, पुन्हा येतं. झोपतच नाई तू. मी चुकली का तू हसतं. केसाले तेल लावून देतं. मंग मी चुकतो."

अंगणात देवमनचा मुलगा अजून ग्रहांचं सांगत होता. करिश्मा शकुनच्या सैल वेणीकडे बघत राहिली. किती शनिवारी, किती चुकलेल्या गणितांनंतर, ती त्या केसांतून बोटं फिरवत आनंदाने बसली होती! तिला वाटत होतं ती लेकराला झाकून ठेवते आहे. इकडे लेकरू वर्षानुवर्षं तिला थोपटत होतं, तिच्या झोपेसाठी एकेक बरोबर उत्तर बाजूला टाकत होतं, आणि तक्रार नाही की काही नाही, जसं घरातलं एखादं काम आपल्या वाट्याला आलं म्हणून करावं. तिला इतकी लाज वाटली की रडूही येईना. कुंदनलाही कुणी विचारलं नव्हतं. पण कुंदनला निदान एवढ्या लहानपणी बाबांना सांभाळावं लागलं नव्हतं.

आत कुणीतरी घंटी वाजवली. मुलं नळावर हात धुवायला धावली. शकुनने डबा बंद केला, तोंड पुसलं आणि उभी राहून विचारलं, "मंग आता काय करू? तू म्हनशीन तसं करतो."

"सारं सांग. जेवढं येते तेवढं सारं."

"तू भेशीन."

मी कायले भेतो, वेडी का काय, हे वाक्य करिश्माच्या जिभेवर आलंसुद्धा होतं. त्यात काही जड नव्हतं, असली वाक्यं तिच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या दारात उभं राहून म्हटली गेली. पण समोर शकुन होती, आणि तिच्यापुढे ते एक क्षण टिकलं नसतं.

"भेईन," ती म्हणाली. "भल्ली भेईन. रातभर झोप नाई येनार मले. तरी सांग."

शकुनने तिचा चेहरा नीट बघून घेतला. "मंग तू दारापाशीच बस," ती म्हणाली. "जास्तच भेव लागलं तं आत येजो. मी थांबून जाईन."

"नाई येत मी. अन् तू माह्याकडं पाहू नको. मॅडमकडं पाहा. माहं भेव माहं हाय, मी पाहून घेईन त्याचं."

शकुनला हे नवीन होतं. ती काही विचारणार होती, पण मॅडमनी दारातून तिला नावाने हाक मारली, आणि ती गेली. दार लागलं. करिश्माला वाटलं, आत्ता उठावं, ते दार ढकलावं, पोरीला हाताला धरून बाहेर ओढावं आणि मिळेल त्या गाडीने अकोल्याला न्यावं. तिने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली आणि ती बसून राहिली.